पाच बेचाळीस

माझं काम सांगायला सोपं आहे. ज्यांना दोह्यात विमान बदलायचंय आणि हातात तासाभराहून कमी वेळ आहे, त्यांना विमानाच्या दारातच गाठायचं, हातात नारिंगी कार्ड द्यायचं आणि पुढच्या गेटपर्यंत पळवायचं. सहा वर्षं मी माणसं पळवतेय. कुठल्या वळणावर गर्दी तुंबते, कुठला सरकता पट्टा जलद आहे, सी विभागातून ई विभागात जायला म्हाताऱ्याला किती मिनिटं लागतात आणि चिडलेल्या म्हाताऱ्याला किती, हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. आकड्यांवर माझा विश्वास आहे. म्हणून त्या दिवसाचे आकडे आधी सांगते.

रमजान चालू होता. पोर्ट सुदानचं विमान धुळीमुळे दीड तास उशिरा टेकलं. दार उघडलं तेव्हा पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. कोचीच्या विमानाचं दार पाच पन्नासला बंद होणार होतं. सूर्यास्त पाच त्रेचाळीसला.

चार वाजताची माझी दूध काढायची सुट्टी उशिरा आलेल्या विमानांनीच गिळली होती. माझी लेक तसाबीह तेव्हा आठ महिन्यांची होती आणि घरी माझी बहीण हनादी तिला सांभाळत होती. छाती दगडासारखी टणक झाली होती. कुणाचा धक्का लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

"इख्लास, किती जण?" कानातल्या यंत्रातून अबू लैस ओरडले. ते आमचे साहेब. जॉर्डनचे आहेत, आणि रोजा असला की चारनंतर त्यांच्याशी बोलणं म्हणजे शिक्षाच.

"एकच बाई. कोचीला जाणारी. मांडीवर मूल आहे."

"कोची? सोडून दे. उद्याच्या विमानात नाव घाल, हॉटेलचा कागद दे आणि ये. नज्वानं घरून संबूसे आणलेत, गार झाले तर मी जबाबदार नाही."

मी हॉटेलचा कागद काढलाच होता. तेवढ्यात ती दारातून बाहेर आली. बावीस-तेवीसची असेल. अंगाभोवती साडीसारखा गुंडाळलेला पिवळा तोब, एका खांद्यावर कापडी पिशवी आणि छातीशी इतकं छोटं गाठोडं, की आधी मला वाटलं आत मूल नाहीच.

"सित्तना उस्मान?"

"हो, मीच. बहिणी, माझं विमान गेलं का गं?"

आमच्याच मुलखातली, सुदानची बोली. मी तिला उद्याबद्दल सांगायला तोंड उघडलं. तिनं गाठोड्याची कड बाजूला केली.

मुझम्मिल दोन महिन्यांचा होता. ओठ जांभळे. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते.

"उद्या सकाळी आठला त्याच्या काळजाचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "बाहेरून आलेला डॉक्टर आहे, परवा परत जातोय. पुढची तारीख दोन महिन्यांनी. आमच्याकडचा डॉक्टर म्हणाला, याच्याकडे दोन महिने नाहीत." गाठोड्याची कड परत ओढून तिनं विचारलं, "उद्याचं विमान किती वाजता?"

"संध्याकाळी."

 ती रडली नाही. नुसती माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. मी कागद खिशात घातला.

"अबू लैस, मी पळवतेय."

"कुठून पळवतेस? सी अकरा ते ई चोवीस! बावीस मिनिटांची चाल आहे, आणि तपासणी वेगळी. पंख फुटलेत का तुला?"

"दार धरून ठेवायला सांगा."

"एक सेकंद जास्त धरणार नाहीत, तुला माहितीये."

मला माहीत होतं.

तपासणीपाशी उम्म राशिद होत्या. त्यांच्यापुढे मंत्रीसुद्धा पट्टा काढून उभे राहतात. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि रांगेवर हात आडवा धरला. "थांबा सगळे. आधी ही. काय बघतोस रे, तुझ्या आईनं तुला असंच वाढवलंय." आम्ही पलीकडे निघालो तेव्हा पाच एकोणचाळीस झाले होते. विमानतळातली छोटी गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. म्हणजे पायीच. अकरा मिनिटं, आणि वाट बावीस मिनिटांची.

शंभर पावलांत सित्तनाला धाप लागली. बाळंतपणाला दोनच महिने झालेले, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"त्याला दे माझ्याकडे."

प्रवाशाचं मूल उचलायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. सहा वर्षांत मी तो कधी मोडला नव्हता. तिनं मूल माझ्या हातात दिलं. वजन जवळजवळ नव्हतंच.

"सकाळपासून प्यायला नाही," मागून धावत ती म्हणत होती. "दोन घोट घेतो आणि दमतो. दमला की झोपतो. मला वाटतं, असाच..."

"बोलू नकोस. पळ."

डाव्या हाताला लांबच लांब काच होती आणि काचेपलीकडे सूर्य टेकायला आला होता. उजव्या हाताच्या बाकांवर लोक बसले होते. मांडीवर कागदी रुमाल, त्यावर तीन खजूर, शेजारी पाण्याची बाटली. सगळे गप्प. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसांची शेवटच्या चार मिनिटांतली ती शांतता मला लहानपणापासून ओळखीची आहे.

मग अजान सुरू झाली.

आधी मला आनंद झाला. अजानच्या वेळी सगळे बसलेले असतात आणि वाट मोकळी मिळते. लोकांनी खजूर उचलले, ओठांपाशी नेले. आम्ही त्यांच्यामधून धावत राहिलो.

बरंच अंतर गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मुअज्जिनचा पहिलाच शब्द अजून चालू होता.

वाटलं, घुमतोय. उंच छत आहे, काच आहे, घुमणारच.

उजवीकडच्या बाकावर एक माणूस मुलीच्या पेल्यात पाणी ओतत होता. पाण्याची धार बाटलीपासून पेल्यापर्यंत आली होती. पेला भरत नव्हता.

मी मान वळवली नाही. धावताना मागे बघायचं नाही, हेही आमच्या कामात शिकवतात.

ई दोन. ई चार. ई सहा. सूर्य काचेत होता तिथेच. खजूर ओठांपाशी. कुणी चावत नव्हतं. कुणी आमच्याकडे बघतही नव्हतं. सरकता पट्टा पायाखाली निश्चल होता आणि तरीही आकडे मागे पडत होते. ई दहा. ई बारा.

"बहिणी," सित्तना म्हणाली.

"पळ."

"बहिणी, तो..."

"पळ म्हणते ना!"

ई वीस.

ई बावीस.

दार उघडं होतं.

गेटपाशी नज्वा उभी होती, ट्युनिसची माझी मैत्रीण. तिनं मला पाहिलं आणि तिच्या हातातला कागद खाली पडला.

"तू कशी आलीस?"

"पायी. ही घे, सित्तना उस्मान आणि मांडीवरचं मूल. दार बंद नाही ना केलंस?"

"अगं, आत्ताच अबू लैस म्हणाले, तू सी विभागाच्या तपासणीतून सुटलीयस. आत्ता. तीन मिनिटं झाली असतील."

मी वर पाहिलं. घड्याळात पाच बेचाळीस.

"अजान झाली की," मी म्हणाले.

"कुठे झाली? एक मिनिट आहे अजून. माझा जीव चाललाय भुकेनं, मला नाही का कळणार?"

सित्तनाला मूल परत देताना माझ्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे, छातीतला ठणका गेला होता. दगड नव्हते, ताण नव्हता. सदरा कोरडा होता आणि मी रिकामी होते, मूल रात्रभर अंगाशी राहिल्यावर पहाटे असते तशी. आणि मुझम्मिल झोपला होता. ओठ अजून निळसरच, पण मूठ सैल सुटली होती. हनुवटीवर दुधाचा ओघळ वाळला होता.

सित्तनानं माझा हात धरला. तिचे डोळे सुजले होते, खूप झोप झाल्यावर सुजतात तसे.

"पाच वेळा," ती हळूच म्हणाली. "पाचही वेळा पोटभर. मी साक्षीला आहे."

पाच वेळा पाजलं की मूल आपलं होतं. मग आपली मुलगी त्याची दूधबहीण, त्यांचं लग्न कधी होत नाही, आणि हे साक्षीनिशी लक्षात ठेवायचं असतं. आमच्याकडे शाळकरी पोरींनाही ठाऊक असतं हे. पण मी कुठे बसले होते? मी तर थांबलेच नव्हते.

विचारायला वेळ नव्हता. नज्वानं तिला आत ढकललं आणि ती पिवळा तोब सावरत विमानात शिरली. दार बंद झालं, ठरल्या वेळेच्या सात मिनिटं आधी! सहा वर्षांत मी शेकडो माणसं पोहोचवलीत, पण त्या दाराचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्यानं हसले.

मग अजान झाली. या वेळी तिचे शब्द एकामागून एक आले आणि संपले.

"इख्लास!" कानात अबू लैस. "कुठे आहेस? हॉटेलचा कागद दिलास का?"

"ई चोवीसला आहे, अबू लैस. विमानात बसवली."

 कानात खजूर चावल्याचा आवाज. "खोटं बोलतेस."

"नज्वाला विचारा."

"बसवली हो!" नज्वा माझ्या कानापाशी तोंड आणून किंचाळली. "पाच बेचाळीसला! तुमचे संबूसे आता हिचे!"

पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. मी ऑफिसात गेले तेव्हा अबू लैसनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. नंतरचे कितीतरी दिवस नवीन आलेल्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "ही बघा. अकरा ते चोवीस, तीन मिनिटांत. आणि तुम्ही पाय दुखतात म्हणता."

त्या दिवशी संबूसे खाताना मी फोन काढला. पावलं मोजायची सोय आहे त्यात. पाच ते सहाच्या तासासमोर आकडा होता एकेचाळीस हजार दोनशे सात. फोन बिघडला असेल असं मी स्वतःला सांगितलं. बुटांचे झिजलेले तळवे मात्र मी अबू लैसना दाखवले नाहीत.

घरी हनादी दारातच भेटली. "तुझ्या लेकीनं आज बाटलीला तोंडच लावलं नाही गं. सूर्य बुडायच्या जरा आधी जोरात रडली, मग एकदम गप्प. झोपलीय तेव्हापासून. पोट बघ, ढोलकं झालंय नुसतं."

मी तिला उचलून घेतलं आणि तिच्या मानेत नाक खुपसलं. तिचा वास काहीतरी निराळा वाटला. दमले असेन.

सित्तनाचा फोन बाराव्या दिवशी आला. तिनं आधी त्यालाच दाखवलं. छातीवर मध्ये पट्टी, आणि ओठ गुलाबी, अगदी गुलाबी! तो पाय झाडत होता आणि भोकाड पसरून रडत होता. एवढं मोठं रडण्याइतका दम त्याच्यात होता. मी आणि हनादी स्वयंपाकघरातच नाचलो. हनादीनं तोंडावर हात मारत जगरूत केला, लग्नात बायका मारतात तशी लांब किलकारी, इतकी मोठी की खालच्या मजल्यावरची इजिप्शियन बाई धावत वर आली. कुणाचं लग्न, विचारत.

"डॉक्टर म्हणाले, मूल खंगलेलं असतं तर हात लावला नसता," सित्तना हसत होती, रडत होती. "म्हणाले, याला तर पाजून पाजून आणलंय. मी सांगितलं, त्याची दुसरी आई आहे दोह्यात."

"सित्तना," मी म्हणाले. हनादी शेजारणीला सोडायला बाहेर गेली होती. "खरं सांग. आपण कुठे बसलो होतो?"

"असं काय विचारतेस? त्या लांब बाकांवर. तूच म्हणालीस ना, घाई नाही, सूर्य थांबलाय. तू पाजायचीस, आपण चालायचो, परत बसायचो. मी तर मध्ये झोपलेसुद्धा." मग तिनं विचारलं, "तुझी लेक बरी आहे ना?"

"मजेत आहे. का गं?"

"नाही, त्या दिवशी मला बरं वाटलं तिला पाहून. तू माझ्याला पाजत होतीस, तर तिची आबाळ नको व्हायला."

माझ्या कडेवर तसाबीह होती. तिनं फोनकडे हात केला.

"ती घरी होती, सित्तना."

"छे गं. तुझ्या शेजारीच होती की. ती बाई पाजत होती ना तिला. पाचही वेळा. मी तुला म्हटलंही, हिचं नाव विचारून ठेव, उद्या लग्नाच्या वेळी घोळ नको. तू काही बोलली नाहीस."

"कुठली बाई?"

"काळा तोब होता. तोंड दिसलं नाही मला नीट." मागे मुझम्मिल रडायचा थांबला. "तिची बाकीची पोरं खाली बसली होती, बाकाला टेकून, पार टोकापर्यंत. फार शहाणी पोरं. एकानंही आवाज केला नाही."

"किती होती?"

"अगं, दुसऱ्याची लेकरं मोजतात का कधी?" सित्तना म्हणाली.