न उडालेला बार

जुन्या बंदुका शोधायला आम्ही निघायचो ते बहुधा रविवारी, चर्च सुटल्यावर. ऑर्व्हिल डेंट्झर गाडी चालवायचा, मी शेजारी कॉफीचा थर्मास सांभाळत. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या टेकड्यांत यादवी युद्धातलं काहीतरी माळ्यावर गंजत पडलेलं नाही असं घर विरळा. ऑर्व्हिलची नजर घारीची. सुटा स्क्रू हातात दिला तरी तो कोणत्या सालच्या बंदुकीचा ते सांगेल. पण माणूस नासका. मालकाच्या तोंडावर त्याच्या वस्तूला भंगार म्हणायचं आणि गाडीत बसल्यावर हसायचं, ही त्याची रीत.

त्या दिवशी आम्ही फिलीना स्पँग्लर नावाच्या म्हातारीकडे गेलो. लग्न न केलेली, एकटी, काठीवर चालणारी. घरातल्या बंदुकीच्या दस्त्याला कीड लागली होती. त्यावर काय लावावं एवढंच विचारायला तिनं बोलावलं होतं. विकायची तिला नव्हतीच.

बंदूक दाराआड, भिंतीकडे तोंड करून उभी होती. ऑर्व्हिलनं ती खिडकीच्या उजेडात धरली. ठासणीची स्प्रिंगफील्ड. घोड्याखालच्या पट्टीवर गरुड, मागे अठराशे बासष्ट. दस्त्याच्या डाव्या अंगाला सरकारी तपासनिसाचा लंबगोल शिक्का, कडासुद्धा शाबूत. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ऑर्व्हिलनं मात्र चेहरा पाडला.

"जोडकाम आहे हो, बाई. नळी एकीची, दस्ता दुसरीचा."

मग त्यानं बार ठासायचा गज नळीत सोडला. तो अर्ध्यावरच टेकला.

"अरेच्चा! ही तर भरलेली आहे."

"ठाऊक आहे मला," म्हातारी म्हणाली. "माझ्या पणजोबांची ती. गेटिसबर्गच्या लढाईत दिवसभर बार भरत राहिले, उडवला एकही नाही. सख्खा भाऊ शेजारी पडला, तरी हात आपले भरतच होते... आत आहे ते असू द्या बाबा. आमच्यात कुणी त्याला हात लावत नाही."

अशा बंदुका त्या रणांगणावर हजारोंनी सापडल्या होत्या. भेदरलेल्या पोरांनी बारावर बार ठासलेल्या. ऑर्व्हिलला हे माझ्याइतकंच माहीत होतं. तरी तो खो खो हसला.

"म्हणजे पणजोबा भित्रट! आणि त्याचे तुम्ही देव्हारे माजवताय?"

म्हातारी काठी टेकत पुढे आली. "हसू नका त्यांना... ऐकतात ते."

"कीड मारून आणून देतो," असं म्हणून ऑर्व्हिलनं बंदूक उचलली. तिनं नळी घट्ट धरली. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली, हसत हसत, लहान मुलाच्या हातातलं खेळणं काढावं तशी. शेवटचं बोट सोडवताना ती कळवळली. मी बघत होतो.

गाडीत तो म्हणाला, "आणून देतो म्हणे! हिचा दस्ता आणि घोड्याची पट्टी माझ्या बंदुकीवर चढणार. म्हातारीला उरलंसुरलं भंगार."

"ऑर्व्हिल, परत कर ती."

"प्रवचन पुढच्या रविवारी दे, वॉल्ट."

सोमवारी सकाळी त्याच्या शेडमध्ये आम्ही नळीत पाणी ओतलं, गजाला स्क्रू लावला आणि गोळ्या ओढून काढायला लागलो. शिशाची गोळी, तिच्यामागे काडतुसाचा फाटका कागद, दारूचा काळा चिखल, सडक्या अंड्यांसारखा वास मारणारा. पुन्हा गोळी. त्या काळी शिपाई काडतूस दातानं फाडायचे. कागदांवर दातांचे ठसे स्पष्ट होते. एक कागद माझ्या तळव्यावर पडला. पाणी गार होतं, कागद कोमट.

दुपारी गज तळाला टेकला. आम्ही आत जाऊन जेवलो, परत आलो. ऑर्व्हिलनं सहज गज सोडला आणि तो वीतभर बाहेर राहिला.

"थट्टा पुरे, वॉल्ट."

"मी तुझ्यासमोर बसून कोबी खात होतो."

त्यानं ती गोळी काढली. दुसऱ्या दिवशी आणखी होत्या. तो काढत राहिला आणि बंदूक भरत राहिली. त्याच्या घरात बंदुकीच्या दारूचा कणही नव्हता. तरी त्याची बायको लेनोरा मला हळूच म्हणाली, "रोज उठतो तेव्हा ओठ काळे असतात. साबणानं घासते मी... जात नाहीत."

"म्हातारीकडे नेऊन टाकू," मी म्हटलं.

"त्या भेकडाला घाबरू मी?" ऑर्व्हिल खेकसला. "नळीचं मागचं बूचच काढतो."

नळी शिकंज्यात धरून त्यानं पान्यावर सगळं वजन टाकलं. किंचाळल्यासारखा आवाज करत बूच फिरलं, निघालं. आत काही नव्हतं. पलीकडच्या टोकाला दाराचा उजेड दिसत होता. ऑर्व्हिल हसला, वाकला, नळीला डोळा लावला.

"वॉल्ट, बाजूला हो. उजेड अडवतोयस."

मी त्याच्या पाठीमागे उभा होतो.

"ऑर्व्हिल... समोर कुणी नाही."

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग पोरक्या मुलासारखा त्याचा बारीक आवाज आला, "रडतोय तो... मला म्हणतोय, जरा बंदूक धर." मी त्याला ओढून सरळ केलं. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. हात मात्र चालू झाले होते. दाताशी नेणं, ओतणं, ठासणं. दाताशी नेणं, ओतणं, ठासणं.

बंदूक जोडून मीच परत नेली. म्हातारीनं ती दाराआड ठेवली. "हलकी लागते हो," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ऑर्व्हिलला शुश्रूषागृहात ठेवलं. हात बांधले की मनगटं सोलून निघायची, म्हणून सोडून दिले. हवा चावून चावून पुढचे दात झिजले. मी अधूनमधून जायचो. बंदूक खांद्याला लावून बार उडवल्यासारखं करताना तो कधी दिसला नाही. नुसतं भरणं.

गेल्या हिवाळ्यात गेलो, तर तो शांत झोपला होता. हात पोटावर स्थिर. मॅव्हिस नावाची परिचारिका त्याचा सदरा बदलत होती. उजव्या खांद्यावर, बंदुकीचा दस्ता टेकतो तिथं, काळानिळा डाग होता, मुठीएवढा, ताजा.

"पडला का?" मी विचारलं.

"कुठं हो! काल दुपारपासून हललासुद्धा नाही. बरंच झालं, थांबला एकदाचा बिचारा." तिनं नाक मुरडलं. "खिडकी उघडता का जरा? सडक्या अंड्यांसारखा कसला वास येतोय, कालपासून जातच नाही."

मी खिडकीकडे वळलो. समोरच्या खाटेवर एक आजोबा असायचे; तिथली चादर काढलेली होती.

"ते आजोबा?"

"काल दुपारी गेले. धडधाकट होते हो. जेवून उठून बसले होते, याच्याकडे बघत..."