बंद स्टेशनवरची बातमी

थापा मारण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ही थाप नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय... तलावाखालच्या वस्तीत, ऐन दुपारी.

साडू रेडिओ तपासनीस. वस्तीपुरती ऐकू येणारी छोटी स्टेशनं नियमात चालतात की नाही, हे बघायचं त्याचं काम. मोठा कडक माणूस!

त्या वस्तीतल्या एका मावशींचं स्टेशन त्यानंच बंद पाडलं होतं. गुन्हा काय, तर मावशी माइकवर म्हणाल्या, "तलावाचं दार उघडणारेत, खालच्या गल्लीनं सामान वर घ्यावं."

"मावशी, ही बातमी झाली. तुम्हाला गाण्यांची परवानगी आहे, गप्पांची आहे. बातमीची नाही."

"बाबा रे, पाणी काय परवाना काढून येतं?"

यंत्र जप्त झालं. खोलीला सील लागलं. मावशींनी हाय खाल्ली आणि पुढच्याच महिन्यात गेल्या.

आणि त्या दुपारी... साडूच्या गाडीतल्या यंत्राचा काटा हलला.

मावशींच्याच स्टेशनवर.

तो धावत खोलीपाशी गेला. सील शाबूत. छपरावरची तार कापलेली. खिडकीतून डोकावला... रिकामं टेबल. धूळ.

मागे गाडीत खरखर झाली...

"खालच्या गल्लीतल्यांनो, दिवेलागणीच्या आत निघा. दार उघडणारेत."

मावशींचा आवाज.

साडू गाडीकडे धावला. खालच्या गल्लीत त्याची धाकटी बहीण राहत होती.

त्यानं फोन लावला. "पोरांना घेऊन आत्ता नीघ."

"कोण म्हणालं, दादा?"

"नीघ म्हणतो ना!"

"सरकारी सूचना आल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असं तूच बजावलं होतंस की!"

शेवटी तो स्वतः गेला. तिला दंडाला धरून, पोरांसकट बाहेर काढलं. शेजारीण दारात कपडे वाळत घालत होती.

"काय हो भाऊ, एवढी घाई? पाणीबिणी येतंय की काय?"

शब्द ओठांवर आले होते... पण सांगणार काय? सील केलेल्या स्टेशनवरून मेलेली बाई बोलली? आणि तपासनीसच बातम्या वाटत सुटला, तर नोकरी राहील?

"छे हो," साडू म्हणाला. "घरी पाहुणे आलेत."

पाणी अंधार पडता पडता आलं.

सरकारी सूचनाही आली. दुसऱ्या दिवशी सकाळी. स्वच्छ, स्पष्ट आवाजात.

शेजारीण तोवर सापडलीही नव्हती. निम्मी गल्लीच सापडली नव्हती.

साडूनं नोकरी सोडली. घरातले रेडिओ भंगारात घातले. तरी म्हणायचा, दुपारी ऐकू येतं. मी म्हणायचो, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या.

परवा त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. ताटावर बसलो, आणि साडूचा घास हातातच थांबला.

भिंतीतून... खरखर आली.

"आता श्रोत्यांचे निरोप," मावशी म्हणाल्या. "खालच्या गल्लीतून विचारणा आहे..."

मग दुसराच आवाज. ओला. अगदी जवळून.

"भाऊ, पाहुणे गेले का हो?"