कलशात बिस्किटं

बेकरीत शिरताना तिच्या डोक्यात फक्त पाव होता. बाहेर पडली तेव्हा डोक्यात इतका संताप होता, की पाव घ्यायचाच राहून गेला.

काउंटरवर, टोस्टच्या बरण्यांशेजारी, तिचा कलश उभा होता! स्वतःच्या हातचं काम माणूस अंधारातही ओळखतो, इथं तर लख्ख ऊन होतं. पोट जरा फुगीर, मान आखूड आणि अंगावर सुऱ्यांचे जुने, बारीक वळ. ती लाकडी अस्थिकलश करायची, लेथवर एकेक कातून. एकासारखा दुसरा कधीच नाही, कारण एका माणसासारखा दुसरा माणूस नसतो, असं तिचं म्हणणं. हा कलश तिनं एका आजारी बेकरीवाल्यासाठी केला होता, त्याच्याच पीठ मळायच्या फळीतून. त्याची बहीण ती फळी उराशी धरून आली होती. डॉक्टरांनी आशा सोडलीय म्हणून हिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. मग हिनं हातातली सगळी कामं बाजूला सारून तो कलश पुरा केला होता.

आणि आता कोपरापर्यंत पिठानं माखलेला एक उंच तरुण त्याचं झाकण उघडून एका आजींना आग्रह करत होता, "घ्या ना, आजच केलीत!"

"थांबा!" ती ओरडली. "काय ठेवलंय त्यात?"

"बिस्किटं." तो हसला. "तुम्हीही घ्या एक… पैसे नकोत."

"अहो, अस्थिकलश आहे तो! मी केलाय!"

आजींचं बिस्कीट तोंडापाशीच थांबलं. ते त्यांनी हळूच काउंटरवर ठेवलं आणि पिशवी उचलून त्या चालू लागल्या.

"जरा हळू बोला हो," तो कासावीस झाला. "गिऱ्हाईक पळतंय."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाची तरी राख असायची ती जागा! कुठं ओतलीत ती? जनाची नाही, निदान मनाची तरी…"

"कोण भांडतंय माझ्या दुकानात?"

आतून एक वाळलेले, पण ताठ म्हातारे काठी टेकत आले. त्यांनी खुशाल कलशात हात घालून बिस्कीट काढलं. "राख कुठली, अजून मी आख्खा आहे. डॉक्टर चुकले. मग एवढं देखणं भांडं रिकामं ठेवायचं, माझी वाट बघत?"

खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. माणूस वाचला होता! पण झाला तो आणखी संताप. ज्याच्यासाठी आपण लेथपाशी उभं राहून डोळे पुसले, तो इथं बिस्किटं खातोय, आणि साधा निरोप नाही? तिनं ते तोंडावर सुनावलं. म्हातारे, म्हणजे त्या तरुणाचे मामा, पोट धरून हसले.

भाचा मात्र हसला नाही. त्यानं झाकण उचललं, कलशावर टेकवलं आणि झाकणावरची लाकडाची रेष खालच्या रेषेला भिडेपर्यंत हलकेच फिरवत राहिला. ती जुळणी तिनं मुद्दाम राखली होती. आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या ती लक्षात आली नव्हती.

"चुकलं आमचं," तो म्हणाला. "उद्या… याल?"

"येईन. तपासायला. लोण्यानं लाकडाची वाट लागते."

मग काय, लोण्याचं निमित्तच झालं. ती तेलाची बाटली आणि फडकं घेऊन यायची, कलश पुसायची आणि पुसता पुसता बोलायची. त्याला ते बोलणं गोड लागायचं, हे अख्ख्या रांगेला दिसत होतं.

"आज पुन्हा ओल्या हातानं धरलास ना?"

"धरला."

"मुद्दाम?"

"तू चिडलीस की जास्त वेळ थांबतेस…"

तिनं फडकं फेकून मारलं. त्यानं ते झेललं आणि तेवढ्यात दोघांची नजर जरा जास्तच वेळ अडकली.

एकदा तिनं त्याला सगळं सांगितलं. एक जण आला होता लग्नाचं बोलायला. शिकलेला, गोडबोल्या. तिचं काम ऐकलं, आणि तिच्याशी मिळवलेला हात तो उठून धुऊन आला! तिच्यासमोर! भाच्यानं आपला पिठाळ पंजा पुढं केला. तिनं तो धरला. हा हात आपल्याला हवाय, हे तिला तेव्हाच कळलं. पण काम सोडून मिळणार असेल तर नकोय, हेही.

आणि नेमकं तेच पुढं आलं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं, म्हणून ती मदतीला आत गेली आणि पिठाच्या गोळ्याला हात लावणार, तोच त्याच्या आईनं परात ओढून घेतली. आई म्हणजे तीच, फळी घेऊन आलेली बहीण!

"त्या हातांनी नको, बाई. तू गुणाची आहेस. ते काम तेवढं सोड, मग सून म्हणून डोक्यावर घेते तुला."

"हे हात?" ती कडाडली. "याच हातांनी सावरलं होतं तुम्हाला, रडत आला होतात तेव्हा! तेव्हा कसे चालले?"

मुलगा पिठात हात रुतवून नुसता उभा.

"आणि तू! मूग गिळून बसलायस? मग ऐक, मीच सांगते, या सगळ्यांसमोर. आवडतोस तू मला! फार आवडतोस! पण काम सोडणार नाही. जा, मळ तुझं पीठ!"

तडक ती आपल्या कारखान्यात आली. तिनं लेथ सुरू केला आणि रडं येऊ नये म्हणून एक चांगला ठोकळा उगाच कातून वाया घालवला. मान वर केली, तर दारात तो उभा होता. धापा टाकत, एप्रनसकट.

"ऑर्डर द्यायचीय," तो म्हणाला.

तिनं लेथ बंद केला. "मामा…?"

"ठणठणीत आहेत. आईशी भांडतायत." तो आत आला. "तिला सांगून आलोय, ही पिठाला हात लावणार नसेल तर मीही लावणार नाही. उद्याचा पाव तूच मळ."

"मग? काय म्हणाल्या?"

"पिठाकडं बघत बसलीय." त्यानं श्वास घेतला. "मला एक कलश हवाय. दोघं मावतील असा. एक मी… आणि एक तू."

तिच्या हातातली पटाशी तशीच राहिली. डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला रागच आला.

"म्हणे दोघं मावतील असा! केवढा ओंडका लागेल, कळतं का? आणि ओलं लाकूड तडकतं. नीट सुकायलाच वर्षानुवर्षं जातात. तोवर काय करायचं?"

"तोवर लग्न करू," तो म्हणाला.