न उचललेला तागा

"माझी सून मला विष देतेय," शिवणकारखान्याच्या मालकीणबाईंनी खुर्चीत टेकता टेकता सांगून टाकलं. "लघवीतून रक्त जातं. धार मध्येच तुटते, पुढे वाकलं की पुन्हा सुरू होते. ती औषधांच्या दुकानात कामाला, तिला काय अवघड? आजच घराबाहेर काढणार आहे तिला."

मास्तरांना ते तिथल्या तिथे पटलं. पटायला त्यांना फारसं काही लागत नसे. पण ज्यांचे ते मदतनीस, त्या गुप्तहेर ताई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत दम धरा."

मालकीणबाईंचा मुलगा कारखान्यात भेटला. "आई म्हणजे वाघीण! कापडाचे तागे स्वतः खांद्यावर टाकायची, दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. गेल्या वर्षी मावशीकडे आरामाला गेली, तेव्हापासून एकही उचललेला नाही."

सून दुकानात होती. "सासूबाईंना इन्फेक्शन आहे, असं डॉक्टर म्हणतात. गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू. माझ्या हातचं तर पाणीसुद्धा घेत नाहीत हल्ली, स्वतःचं स्वतःच करतात. तरी त्रास वाढतोच आहे."

"सूनच!" मास्तर बाहेर पडता पडता पुटपुटले.

संध्याकाळी ताईंनी तिघांना समोर बसवलं.

"सुनेच्या हातचं बंद केलंत, तरी रक्त थांबलं नाही. म्हणजे विष नाही. आराम करून आलेलं माणूस जोमानं कामाला लागतं, तुम्ही ओझं उचलणंच सोडलंत. ऑपरेशननंतर तशी ताकीद देतात. आणि ते घरातही लपवलंत, म्हणजे बायकांचं दुखणं. अंग बाहेर येत होतं ना, गर्भाशय खाली सरकून? ते आत धरून ठेवायला जाळी बसवून घेतलीत."

मालकीणबाईंची मान ताठच राहिली, डोळे मात्र भरले.

"क्वचित त्या जाळीची कड मूत्राशयात घुसते. तिच्यावर खडा धरतो, तोच धार अडवतो. म्हणून रक्त, म्हणून पुन्हा पुन्हा इन्फेक्शन. दुर्बिणीतून तपासून घ्या. डॉक्टरांना जाळीचं सांगितलंत?"

"नाही. बाई खचली म्हणाले असते लोक." मग त्या सुनेकडे वळल्या. "तुझ्यावर आळ घेतला गं मी. चुकले."

"आधी तपासणीला चला," सून म्हणाली.

खडा निघाला, जाळीची कडही निघाली. बऱ्या होऊन मालकीणबाई कारखान्यात आल्या, तेव्हा सूनही सोबत होती. दारात नवं कापड उतरत होतं. त्यांनी सगळ्या मशिनी थांबवल्या.

"माझं अंग बाहेर येत होतं, त्याचं ऑपरेशन झालंय. लाजायचं काय त्यात? आता ओझं उचलायचं नाही. पहिला तागा माझी सून उचलेल!"

सुनेनं तागा खांद्यावर टाकला. सगळा उलगडा आपणच केल्यासारखी मास्तरांची छाती फुगली.

"सरळ धर," मालकीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी जागा आहे ती."