कातुमीच्या हातचं लोणी

"वन्सं, आत व्हा. पाहुणे आले," म्हणत सहादाने नणंदेला दंडाला धरून उठवलं, तेव्हा कातुमीचे दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत होते आणि शियाच्या झाडाच्या बियांचा तपकिरी लगदा नुकता कुठे पांढरा पडू लागला होता...

"अगं, मध्येच हात काढला तर लोणी नासेल."

"नासू दे. माझ्या लेकीचं, वुम्पिनीचं लग्न जमायचंय."

आणि बाहेरून कडी लागली. लावणारा सख्खा भाऊ, इसाहाकू! आईच्या माघारी ज्याला तिने पाठीवर वाढवलं, तोच! आठ वर्षं चाललेलं डोक्याचं ते भयंकर आजारपण गोळ्यांनी आटोक्यात आलं, गावातल्या प्रशिक्षणात ती लोणी काढायला शिकली, तामाले शहराच्या बाजारात त्या लोण्यावर उड्या पडू लागल्या. पण वेडीच्या हातचं कोण घेणार, म्हणून विकायला बसायची सहादा, आणि कौतुकही तिचंच. कातुमीने कधी ब्र काढला नव्हता. भाचीचं भलं होऊ दे, एवढंच तिचं व्याकूळ मन म्हणे.

आता भिंतीपलीकडे, पाहुण्यांसमोर, लोणी आपलंच हे दाखवायला सहादा स्वतः लगदा फेटत होती. हाताचा आवाज मंदावला... गार पाणी घाल गं, आत्ता घाल... शब्द कातुमीच्या ओठांवर आले आणि तिने ते गिळले. बोलली तर लग्न मोडणार होतं.

"बाई, ते लोणी या हातचं नव्हे," मुलाची आई रमाता म्हणाली. "मी जन्मभर हेच करत आले. बाजारात तुझ्याकडून घेते ते लोणी काढतं कोण?"

मग वुम्पिनीचा आवाज आला, "माझी आत्या. बाबांनी तिला आत कोंडलंय."

कडी निघाली. इसाहाकू दारात उभा होता, डोळे भरलेले. "ताई, चुकलं माझं..."

"चुकलं कसलं? कडी काय चुकून लागते?" त्याला बाजूला सारून ती थेट पाहुणीसमोर गेली.

"मी कातुमी. आठ वर्षं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. गोळी अजून घेते, पुढेही घेणार. लोणी माझं आहे आणि येत्या बाजाराला ते मीच विकणार. या पोरीचं लग्न ठरवायचं तर हे ऐकून ठरवा."

सहादाने ओढणीत तोंड लपवलं. रमाताने बांगड्या काढून ठेवल्या, कातुमीला घेऊन परातीपाशी बसली आणि सहादाला गार पाणी आणायला पिटाळलं.

"इतकं बिघडलेलं आता एकटीच्याने सावरायचं नाही," ती कातुमीला म्हणाली. "सरका जरा, विहीणबाई."