आवाज वाढव

गेलो होतो साध्या तपासणीला. सूनबाईने सकाळी दूध तापवून ठेवलं, गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं, दाराला कुलूप घातलं आणि गाडीत बसता बसता म्हणाली, "आई, संध्याकाळच्या चहाला घरी असू आपण."

जिना चढताना माझ्या छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. मनगटातून बारीक नळी घालायची, हृदयापर्यंत न्यायची, रंग सोडून फोटो काढायचे आणि कुठे अडलंय ते बघायचं. माणसं दाढ काढायला जातात तशी मी गेले.

मी भित्री नाही, हे आधीच सांगून ठेवते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कानावर हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर परक्यांची लग्नं, भांडणं, मयती कानातून जायच्या. पलीकडचा बोलायच्या आधीच मला कळायचं, तिथे माणूस आहे की लाईन नुसतीच उघडी पडलीय. 'बोला' हा शब्द तर तोंडात इतका बसलाय, की दाराची बेल वाजली तरी मी 'बोला' म्हणते. सून हसते.

ती खोली भयंकर गार होती. स्पिरिटचा वास, आणि त्याच्याखाली तापलेल्या वायरीसारखा आणखी एक. मला अरुंद टेबलावर निजवलं, उजवा हात फळीला बांधला, गळ्यापर्यंत हिरवी चादर ओढली. छातीवर यंत्राचं मोठं तोंड येऊन थांबलं. पायांकडे काच होती आणि काचेमागे यंत्र चालवणारा बसला होता. डॉक्टर माझ्या मुलापेक्षाही लहान असेल.

"काय आजी, भीती वाटतेय?"

"नाही. आणि मी तुमची आजी नाही."

तो माझ्या डोक्यावरून सिस्टरकडे बघून हसला. माणूस आडवा झाला की त्याच्या डोक्यावरून हसायला सोपं जातं.

"आता आमच्याकडे संगीत आहे बरं का. पेशंट शांत राहतो, नाडी ताळ्यावर राहते, झोपेचं औषधही कमी लागतं."

"मला नको. तुम्ही काय बोलताय ते मला ऐकू यायला हवं."

"आधी सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला, आणि माझ्या कानांवर हेडफोन चढले.

मी नको म्हटलं होतं. स्पष्ट, मराठीत. माझं डोकं तिथेच सणकलं, पण एक हात बांधलेला, दुसरा चादरीखाली. करते काय?

खोटं कशाला बोलू, संगीत चांगलं होतं. बासरी होती, मागे पाणी वाहत होतं. खांदे सैल पडले. मनगटात टोचलं तेही फार जाणवलं नाही. त्या गार खोलीत असं काही कानाशी असलं की बरं वाटतं, हे मी मान्य करते. मी डोळे मिटले.

मग बासरीच्या मागे श्वास ऐकू आला.

वाजवणाऱ्याचा असेल, असं मी आधी धरलं. पण बासरी थांबली तरी श्वास थांबला नाही. लाईन उघडी होती, आणि पलीकडे कुणीतरी होतं. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "बोला."

"ऐकू येतंय तुला?"

बाईचा आवाज. वयस्कर, पण खणखणीत. आणि रागाने नुसता थरथरत होता.

"येतंय..." मी म्हणाले.

"आजी, बोलू नका, हलू नका," डॉक्टर वरून म्हणाला.

"मी सांगत होते," कानातली बाई म्हणाली. "सांगून सांगून थकले. कुणी ऐकलं नाही. मेल्यांनी आवाज वाढवला."

"इथे कुणीतरी बोलतंय," मी डॉक्टरला म्हटलं. "लाईनवर बाई आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे पडद्यावर. काचेकडे बोट हलवून म्हणाला, "आवाज वाढव रे."

बासरी तेवढीच राहिली. मोठी झाली ती बाई.

"आता तुझ्या पाठीत कळ येईल. दोन्ही खांद्यांच्या मधोमध. सुरीने कापड फाडावं तशी."

मी काही बोलायच्या आत ती आली. अगदी तिथेच, अगदी तशीच... फाडत खाली गेली. माझा श्वास अर्ध्यावर अडकला.

"पाठीत... पाठ दुखतेय हो!"

"थोडं होतं तसं. टेबल कडक असतं ना. शांत पडा, गाणं ऐका."

"टेबल नाही... आतून..."

"आजी, सहकार्य करा. अर्धं काम झालंय."

"मी इथेच गप्प बसले," बाई म्हणाली. अगदी कानाला ओठ लावून. "शहाण्यासारखी. डॉक्टरला कळत असेल, म्हटलं. तू बसू नकोस. ओरड. ओरड!"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. भीती होती, नाही असं नाही. पण रागाने तिला पार चेपून टाकलं. तो राग माझा किती आणि तिचा किती, ते मला आजही सांगता येणार नाही. मी ओरडले. जन्मात दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. त्याला, काचेमागच्याला, त्यांच्या बासरीला.

"झोपेचं इंजेक्शन द्या यांना," डॉक्टर वैतागून म्हणाला.

सिस्टर सुई घेऊन आली आणि थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हळूच एका कानावरचा हेडफोन उचलला. "काय होतंय, मावशी?"

"डॉक्टर, यांना घाम फुटलाय," ती म्हणाली.

"घाबरल्यात त्या. द्या इंजेक्शन."

दुसऱ्या कानात ती बाई होतीच. आता ती ओरडत नव्हती. एकेक शब्द सांगत होती, आणि मी तिच्यामागून म्हणत होते. एक्स्चेंजमध्ये लाईन खराब असली की आम्ही असेच निरोप पोचवायचो.

"अजून एकच गाणं, आजी..." मी म्हणाले. "मग संपलंच. मग घरी जाऊन छान झोपायचं."

डॉक्टरचे हात थांबले.

यंत्राची घरघर तेवढी चालू होती. त्याने पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मास्कवरचे डोळे एकदम पोरासारखे दिसले. मग तो पडद्याकडे वळला, मागचे फोटो पुन्हा लावायला सांगितले, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "नळी मागे घेतो. मोठ्या सर्जनना बोलवा. पळा!"

हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली होती आणि रक्त तिथून आत घुसत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर हे सांगायला मी नसते. छाती उघडावी लागली. संध्याकाळच्या चहाला घरी जायचं होतं, ते घर मला महिन्याभराने दिसलं.

वॉर्डात मी उठून बसायला लागले तेव्हा डॉक्टर आला. खुर्ची ओढून बसला. सुनेला त्याने बाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं, "ती इथेच बसेल. तिला बाहेर-आत करणारे तुम्ही कोण?"

ती बसली.

"ते वाक्य..." तो म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणाला म्हणाला होतात?"

"एक बाई होत्या. उन्हाळ्यात. त्यांनाही अशीच चीर गेली होती. मला उशिरा कळलं." त्याने हात चोळले. "त्या फार अस्वस्थ होत्या. मी... आवाज वाढवायला सांगितला."

"तिनेच सांगितलं मला. कानात."

तो पांढराफटक पडला. "बोलून?"

"नाहीतर काय, नाचून?" माझे टाके दुखले, पण मी आवाज खाली आणला नाही. "तिच्या घरच्यांना काय सांगितलंत?"

"हृदय कमजोर होतं, असं."

"मग आता खरं सांगा. मूग गिळून बसलात तर मी सांगेन. आणि ती कानातली खेळणी पेटीत भरून टाका."

तो गेला. त्याने सांगितलं की नाही, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मग एका दुपारी बेल वाजली, मी 'बोला' म्हटलं, आणि दारात चाळिशीची एक बाई उभी होती. त्या गेलेल्या बाईंची मुलगी. डॉक्टर तिच्या घरी जाऊन रडला होता. तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं, इथे सांगितलं तसंच. ती पदराचं टोक मुठीत धरून ऐकत होती. तिला दिलासा मिळेल, असं मला वाटलं होतं. आईने कुणाचा तरी जीव वाचवला, म्हणून.

"ती गप्प बसली नव्हती ग," मी म्हणाले. "म्हणजे आधी बसली, पण नंतर काय फोडून काढलं त्यांना! आवाज तर असा खणखणीत..."

"मावशी," ती म्हणाली, "आईचा घसा काढला होता. कॅन्सरने. बारा वर्षं ती बोलत नव्हती. हातांनी सांगायची."

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मेल्यावर... येत असेल परत आवाज," मी कशीबशी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं असतं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पण मी त्या दिवशी काचेमागे होते. तिला हातांनी काही सांगायचं असलं तर समजावं म्हणून त्यांनी मला थांबू दिलं होतं. हेडफोन लावल्यावर जरा वेळ ती शांत होती. मग तिने मोकळा हात वर केला आणि कानाकडे बोट दाखवायला लागली. सारखी. कुणीतरी बोलतंय, कुणीतरी ओरडतंय... मी यंत्र चालवणाऱ्या त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, गाणं आवडलेलं दिसतंय त्यांना."

"मग तिच्या आधी कुणीतरी..." मी म्हणाले. "त्या टेबलावर. तेच हेडफोन घालून."

तिने नकारार्थी मान हलवली.

"ते त्याच सकाळी आले होते, मावशी. खोकं माझ्यासमोर फोडलं. पहिल्यांदा लावले ते आईलाच."