चार वेळा दोनशे पंचावन्न

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी ऐका. मी गोकुळ, पाणीपुरवठ्यातला नेटवर्कवाला माणूस. भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

दुष्काळाचं २०१६ साल. फुलंब्री रस्त्याला वसाहतीवर वसाहत उठत होती आणि पाण्याच्या नावानं बोंब. एका वसाहतीला नऊ दिवस नळ नव्हता. नवी टाकी सकाळीच टँकरनं भरली, असं कागदावर होतं. पण तिचा व्हॉल्व्ह आमच्या ऑफिसातून उघडायचा, जोड तुटली की आपोआप मिटायचा, आणि टाकीवरचं राउटर काही केल्या जोडलं जाईना. दुपारचे तीन वाजलेले. फोनवर बायका शिव्या घालत होत्या.

राउटर एकमेकांना दर दहा सेकंदांनी हाक मारतात. चाळीस सेकंद हाक आली नाही, तर शेजारी मेला असं धरतात. कुठल्या तारेवरच्या हाकेला ओ द्यायची, हे वाइल्डकार्ड मास्क, म्हणजे चार आकड्यांची चाळणी, सांगतो. शून्य म्हणजे आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. दोनशे पंचावन्न म्हणजे कुठलाही चालेल. मी नेमका मास्क टाकून टाकून वैतागलो आणि शेवटी चार वेळा दोनशे पंचावन्न ठोकलं. या बाबांनो, कुणीही या!

टाकी लगेच जोडली गेली. व्हॉल्व्ह उघडला. टाकीवर आमचे जुने वॉलमन, म्हणजे पाणी सोडणारे, अप्पाराव होते, त्यांचा फोन आला.

"आलं रं पाणी! लई गर्दी झालीय नळावर."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग सहज शेजाऱ्यांची यादी पाहिली. एक असायला हवा होता, दोन होते. दुसरा आकडा आटलेल्या तलावावरच्या पंपघरातल्या राउटरचा. चार वर्षांपूर्वी ऑपरेटर कडूबा तिथंच वारला, तेव्हापासून ते बंद.

"अप्पाराव... पंपघरातलं मशीन सुरू हाय का?"

"येड लागलं का? आपणच नव्हतं का आणलं काढून? तुझ्या मागच्या कपाटात हाय."

कपाट उघडलं. मशीन होतं, वायर गुंडाळलेली, वर धूळ. हात लावला तर ओलं लागलं. गाळाचा वास आला. ते यादीत दिसतंय, हे मी फोनवर सांगितलं.

"गोकुळ," अप्पाराव हळूच म्हणाले, "त्याला ओ देऊ नको... काढ त्याला."

मी मास्क नेमका केला. चाळीस सेकंदांनी यादी रिकामी झाली आणि टाकीची जोडही तुटली. फोनमधून बायकांची ओरड ऐकू आली, नळ थांबले होते. पुन्हा सगळं मोकळं केलं, पुन्हा पाणी आलं. तेव्हा कुठं मी टाकीकडं जाणारी सिग्नलची वाट तपासली. ती त्या पंपघरातून जात होती.

मी पुन्हा मास्क नेमका करायला घेतला. पण नऊ दिवसांची तहान, लेकरंबाळं... कसं बंद करू?

"राहू द्या," मी म्हटलं. "टाकीत किती उरलंय तेवढं बघून सांगा."

झाकण सरकवल्याचा आवाज आला.

"अप्पाराव?"

"कोरडीठाक हाय रं... टँकर आलेच नाय. तळाला नवं सिमेंट दिसतंय."

"मग नळाला काय येतंय?"

"...लई गार हाय. लेकरं पितायत."

तो मास्क मी अजून तसाच ठेवलाय. त्या वसाहतीत एक दिवससुद्धा पाणी चुकत नाही. तिथली माणसं मला देवमाणूस म्हणतात, घरी बोलावतात. मी जातो, बसतो, गप्पा मारतो. चहा मात्र घेत नाही.